चार तासांचा ‘हॉबिट’

जे. आर. आर. टॉल्किनचं ‘द हॉबिट’ २१ सप्टेंबर १९३७ रोजी लंडनमध्ये प्रसिद्ध झालं. तीनशेच्या आसपास पानं, एकोणीस प्रकरणं, आणि समोर धरलेला वाचक म्हणजे लहान मूल. पीटर जॅक्सननं त्यावर काढलेले तीन चित्रपट २०१२, २०१३ आणि २०१४ या तीन वर्षांच्या डिसेंबरात आले. त्यांची लांबी अनुक्रमे १६९, १६१ आणि १४४ मिनिटं. एकूण ४७४ मिनिटं, म्हणजे आठ तासांना सहा मिनिटं कमी. टॉल्किनचंच ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ शब्दसंख्येनं ‘हॉबिट’च्या जवळपास पाचपट आहे. त्यावरचे जॅक्सनचे तिन्ही चित्रपट चित्रगृहात भरले ५५८ मिनिटं. पाचपट मजकुराला वाढीव मिनिटं मिळाली अवघी ८४.

हा हिशेब प्रेक्षकांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, तो त्यांनी खुर्चीत बसून अनुभवला होता. तिसरा चित्रपट लागून फार दिवस उलटले नव्हते, तोच जानेवारी २०१५ मध्ये एका अनामिक चाहत्यानं तिन्ही चित्रपट कापून, जोडून सुमारे चार तासांची एकच प्रत तयार केली आणि लोकांपुढे ठेवली. तिचं नाव ‘द टॉल्किन एडिट’. पाठोपाठ दुसऱ्यांच्या प्रती आल्या. कुणाची चार तासांची, कुणाची त्याहून थोडी मोठी, कुणाची दोन भागांत. पुढची कित्येक वर्षं हा उद्योग चालू राहिला. एकाच चित्रपटमालिकेवर इतक्या जणांनी इतक्या चिकाटीनं कात्री चालवल्याची उदाहरणं कमी आहेत. या प्रतींना ‘फॅन एडिट’ म्हणतात. चित्रपट म्हणून त्या कशा आहेत हा प्रश्न आहेच. पण गोष्ट कशावर उभी असते, हे समजून घ्यायला त्यांच्याइतकी चांगली शाळा नाही.

फुगवटा आला कुठून?

‘हॉबिट’ आधी दोन चित्रपटांत व्हायचा होता आणि दिग्दर्शक होता मेक्सिकोचा गिएर्मो देल तोरो. निर्मितीत भागीदार असलेली एमजीएम कंपनी तेव्हा आर्थिक अडचणीत होती आणि चित्रीकरणाची तारीख काही ठरत नव्हती. शेवटी मे २०१० मध्ये देल तोरो बाहेर पडला आणि सूत्रं जॅक्सनकडे आली. चित्रीकरण मार्च २०११ मध्ये सुरू झालं. ते बहुतांशी उरकल्यावर, जुलै २०१२ मध्ये, दोनाऐवजी तीन चित्रपट येणार असल्याचं जाहीर झालं. पहिला भाग तेव्हा पाच महिन्यांवर आला होता.

तिसऱ्या चित्रपटाचं पोट भरायला साहित्य लागणार होतं. काही ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या परिशिष्टांतून आलं. पुस्तकात जादूगार गॅन्डाल्फ मध्येच निघून जातो आणि पुष्कळ नंतर परततो. तो कुठे गेला होता हे टॉल्किन ओझरतं सांगतो. चित्रपटात त्याचं डोल गुल्डुरच्या भग्न किल्ल्यापर्यंतचं स्वतंत्र कथानक झालं. काही माणसं मूळ गोष्टीत मेलेली होती, ती जिवंत झाली. ऑर्क या राक्षसी जमातीतला फिकट अॅझॉग पुस्तकातल्या घटनांच्या कितीतरी आधी मारला गेलेला आहे. चित्रपटात तो तिन्ही भागांत ड्वार्फ या बुटक्या जमातीचा म्होरक्या थॉरिन याचा पाठलाग करतो. आणि काही माणसं नव्यानंच घडवली गेली. एल्फ योद्धी टॉरिएल पुस्तकात नाही. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधला एल्फ लेगोलसही ‘हॉबिट’मध्ये नाही. या दोघांमध्ये ड्वार्फ किलीला आणून प्रेमाचा त्रिकोण रचला गेला. टॉरिएलचं काम करणाऱ्या इव्हँजेलिन लिलीनं पुढे उघडपणे सांगितलं, की प्रेमत्रिकोण नसेल या अटीवरच तिनं भूमिका घेतली होती. तो २०१२ च्या फेरचित्रीकरणात शिरला.

पैशाच्या बाजूनं पाहिलं तर हे गणित चुकलं नाही. तिन्ही भागांनी मिळून जगभरात २९० कोटी डॉलरांच्या घरात कमाई केली. कमी वेळात ही गोष्ट सांगता येत नाही असंही नव्हतं. १९७७ मध्ये अमेरिकन दूरचित्रवाणीसाठी रँकिन-बास या जोडीनं ‘हॉबिट’चा अॅनिमेशनपट काढला होता. त्यात कथानायक बिल्बो घरातून निघतो, ड्रॅगन मरतो, लढाई होते आणि बिल्बो परत येतो. सगळं मिळून ७७ मिनिटं.

कात्रीचा वंश

दुसऱ्याच्या चित्रपटातून आपला चित्रपट काढण्याची कल्पना संगणकाहून जुनी आहे. १९३६ मध्ये न्यू यॉर्कचा कलावंत जोसेफ कॉर्नेल यानं ‘ईस्ट ऑफ बोर्निओ’ या १९३१ च्या साहसपटाची प्रत मिळवली आणि तिच्यातले मुख्यतः नायिकेचेच तुकडे निवडून सुमारे वीस मिनिटांचा ‘रोझ होबार्ट’ जोडला. साहस गेलं, कथानक गेलं, उरली एक स्त्री. पण ती चित्रकलेच्या जगातली खटपट होती. चाहत्यांची कात्री खऱ्या अर्थानं चालू झाली ती घरच्या संगणकावर संकलन करणं परवडू लागलं तेव्हा.

१९९९ चा ‘स्टार वॉर्स’चा पहिला भाग पाहून निराश झालेल्या एकानं त्यातली वीसेक मिनिटं कमी केली. वायफळ बडबड छाटली, विनोदासाठी घातलेल्या जार जार बिंक्सला आवरलं. ‘द फँटम एडिट’ या नावानं ही प्रत २००० नंतर व्हिडिओ कॅसेटवरून हातोहात फिरली. करणारा व्यावसायिक संकलक निघाला. जॅक्सनच्या पहिल्या, ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या त्रयीलाही हा प्रसाद मिळाला. तिच्या दुसऱ्या भागाची एक ‘प्युरिस्ट’ प्रत निघाली, म्हणजे मूळ पुस्तकाशी इमान राखण्याचा दावा करणारी. योद्धा अॅरागॉर्नचं कड्यावरून कोसळणं यांसारख्या, पुस्तकात नसलेल्या प्रसंगांवर तिचा रोख होता.

‘हॉबिट’पर्यंत येता येता खुद्द हॉलिवूडमधली माणसंही या नादाला लागली होती. अभिनेता टोफर ग्रेस यानं ‘स्टार वॉर्स’चे तीन भाग ८५ मिनिटांत बसवून २०१२ मध्ये मित्रमंडळींना दाखवले होते. २०१८ मध्ये त्यानं सांगितलं, की ‘ब्लॅकक्लॅन्झमन’मधली वंशद्वेषी पुढाऱ्याची भूमिका करून आलेला ताण घालवायला त्यानं तीन ‘हॉबिट’ कापून दोन तासांचा एक केला.

टेबलावर काय चालतं

चाहत्याच्या हाती मूळ चित्रीकरण नसतं. वापरली न गेलेली दृश्यं नसतात, कलाकार नसतात, संवाद पुन्हा बोलून घेता येत नाहीत. असते ती दुकानातून आणलेली ब्लू-रे, ज्यात चित्र, संवाद, संगीत सगळं एकजीव झालेलं आहे. तिच्यातून पुन्हा सुटे धागे काढायचे असतात.

पहिली अडचण आवाजाची. डोळ्यांना कट खपतो, कानांना खपत नाही. हॉवर्ड शोरचं संगीत एका प्रसंगातून दुसऱ्यात वाहत जातं. मधला प्रसंग उडवला की सूर अर्ध्यात तुटतो आणि झोपेत असलेल्या प्रेक्षकालाही चोरी कळते. इथे घरगुती चित्रपटांच्या ध्वनिपटाची रचना कामी येते. ५.१ ध्वनिपटात संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरच्या वाहिनीत असतात, संगीत आणि इतर आवाज डाव्या, उजव्या आणि मागच्या वाहिन्यांत पसरलेले असतात. त्यामुळे संवाद ठेवून संगीत बऱ्याच अंशी खाली आणता येतं, त्या जागी शोरच्याच अल्बममधला दुसरा तुकडा बसवता येतो आणि पावलांचे, वाऱ्याचे आवाज भरून सांधा बुजवता येतो.

दुसरी सोय ऑर्कांनीच करून ठेवली आहे. ते आपसांत स्वतःच्या भाषेत बोलतात आणि प्रेक्षक खालची उपशीर्षकं वाचतो. ओळ बदलली की अर्थ बदलला. ज्या संवादात अॅझॉग सूडाची भाषा करतो, तिथे संकलक त्याला नुसता हुकूम सोडायला लावू शकतो. ओठांशी आवाज जुळतोच, कारण आवाज मूळचाच असतो. तिसरं काम चित्रावरचं. चौकटीच्या कडेला उभं असलेलं नको ते पात्र चित्र थोडं मोठं करून बाहेर ढकलायचं किंवा फ्रेममागून फ्रेम घेऊन पुसायचं. काही जण रंगही बदलतात. नव्या त्रयीवरची सोनेरी चकाकी उतरवून तिला आधीच्या त्रयीच्या जवळ आणतात.

यात एक गंमत आहे. लांबी कमी करायला निघालेले बरेच संकलक कच्चा माल म्हणून घेतात त्या जॅक्सनच्या विस्तारित आवृत्त्या, ज्या तिन्ही मिळून ५३२ मिनिटांच्या आहेत. कारण पुस्तकातल्या काही जागा तिथेच सापडतात. अस्वलाचं रूप घेणाऱ्या बेऑर्नच्या घरी गॅन्डाल्फ ड्वार्फांना जोडीजोडीनं पुढे आणतो तो मजेदार प्रसंग, किंवा थॉरिनचा अंत्यविधी, चित्रगृहातल्या प्रतीत नव्हता.

ओढला धागा की...

प्रेमकथा काढून टाका, फिकट ऑर्क काढून टाका, डोल गुल्डुर काढून टाका, असं म्हणणं सोपं आहे. जुन्या घरात भिंत पाडायला घ्यावी आणि वरची तुळई तिच्यावरच टेकलेली आहे हे तेव्हा कळावं, तसं या कामात होतं.

किलीचंच बघा. पुस्तकात तेराही ड्वार्फ आणि बिल्बो तळ्यातल्या गावातून ड्रॅगनच्या डोंगराकडे जातात. चित्रपटात पिंपांतून पळताना किलीच्या पायात विषारी बाण बसतो, त्याला गावात ठेवावं लागतं आणि फिली, ओइन, बोफुर त्याच्यासोबत राहतात. टॉरिएल येते, औषधी वनस्पतीनं त्याला वाचवते. त्रिकोण नको म्हणून हा उपचार कापला, तर किली बरा कसा झाला? बाणही कापला, तर चौघं गावात का राहिले? आणि डोंगरात नऊच ड्वार्फ का दिसतात? बाकीच्यांचं चित्रीकरण डोंगरातल्या त्या प्रसंगांत झालेलंच नाही. म्हणून कुणी जखम ठेवतं आणि प्रेम कापतं. कुणी सगळंच गाळून प्रेक्षक डोकी मोजत बसणार नाही यावर भरवसा ठेवतं. पूर्ण समाधानकारक उत्तर कुणाकडेच नाही, कारण प्रेमकथा वरून चिकटवलेली दिसत असली तरी पटकथेनं तिच्यासाठी आख्खी टोळी दोन ठिकाणी विभागली आहे.

ड्रॅगनचा पेच दिसायला जास्त नाट्यमय आहे. पुस्तकात बिल्बोची चोरी आणि त्याची कोड्यातली बढाई यांमुळे संतापलेला ड्रॅगन स्माऊग गावावर सूड उगवायला जातो. चित्रपटात मध्ये भला मोठा पाठलाग आहे. ड्वार्फ भट्ट्या पेटवतात, वितळलेल्या सोन्याचा प्रचंड पुतळा कोसळतो आणि ड्रॅगन सोन्यानं माखतो. तसाच तो डोंगर फोडून बाहेर येतो आणि उडता उडता सोनं झटकतो. पाठलाग कापला तर हा सोन्याचा मुलामा आला कुठून? काहींनी बाहेर पडण्याचा क्षणच वगळून बिल्बोशी झालेल्या संभाषणावरून थेट गावाच्या आभाळात उडी घेतली. काहींनी मात्र ड्रॅगनच्या अंगावरचं सोनं चित्रातून काढण्याचं किचकट काम अंगावर घेतलं. कोट्यवधी डॉलर खर्चून चढवलेलं सोनं एक हौशी माणूस रात्री जागून उतरवतो आहे, पैसे न घेता.

सर्वांत अवघड गाठ अॅझॉगची. पहिल्या चित्रपटाच्या शेवटी जळत्या झाडांच्या उजेडात तो थॉरिनला लोळवतो, बिल्बो तलवार घेऊन मध्ये पडतो आणि गरुडांनी सुटका केल्यावर थॉरिन त्याला मिठी मारतो. तोवर बिल्बोला ओझं मानणारा थॉरिन इथे बदलतो. पुस्तकात यातलं काही नाही. तिथे बिल्बोची पत हळूहळू वाढते: गॉलम या विचित्र प्राण्याच्या गुहेतून सुटून आल्यावर थोडी, कोळीकिड्यांशी लढल्यावर बरीच, पिंपांची युक्ती काढल्यावर आणखी. पुस्तकाशी प्रामाणिक राहायचं म्हणून अॅझॉगला काढलं की मिठीचं कारण जातं. मिठी काढली की चित्रपटातल्या थॉरिनचं मन वळतं कधी? इथे संकलकाला ठरवावंच लागतं, की आपण पुस्तकाशी प्रामाणिक आहोत की थॉरिन आणि बिल्बो साकारणाऱ्या रिचर्ड आर्मिटेज आणि मार्टिन फ्रीमन यांनी उभ्या केलेल्या नात्याशी. पुष्कळांनी मिठी ठेवली. तिच्यासाठी अॅझॉगही थोडा ठेवला.

उलट, काही भाग असे, की ते नाहीसे झाले तरी कुणाला पत्ता लागू नये. गावप्रमुखाचा लाळघोट्या कारभारी अल्फ्रिड हा त्यांतला ठळक. डोल गुल्डुरचं कथानकही बहुतेक ठिकाणी अलगद सुटून येतं. गॅन्डाल्फ जातो आणि येतो. तो कुठे होता हे विचारायला प्रेक्षक थांबत नाही, जसा वाचक १९३७ पासून थांबला नाही. किती मिनिटं पडद्यावर आहे यावरून एखाद्या धाग्याचं वजन ठरत नाही, त्याला किती इतर धागे बांधले आहेत यावरून ठरतं. पटकथालेखनाच्या वर्गात हे सांगावं लागतं. संकलकाला ते बोटांनी कळतं.

आणि जे चित्रित झालंच नाही, ते कुठल्याही कात्रीनं मिळत नाही. पुस्तकातल्या अखेरच्या लढाईत बेऑर्न थॉरिनला उचलून बाहेर नेतो, परत येऊन शत्रूच्या सेनापतीला चिरडतो आणि पारडं फिरतं. चित्रपटात तो आभाळातून उडी घेतो, काही क्षण दिसतो आणि संपतो. पाऊण तासाची लढाई वीस मिनिटांवर आणता येते, पण बेऑर्नला त्याचा पराक्रम परत देता येत नाही.

कायद्याच्या चौकटीत

या छंदातल्या मंडळींनी स्वतःसाठी काही नियम घालून घेतले आहेत. पैसे घ्यायचे नाहीत आणि पाहणाऱ्याकडे मूळ चित्रपटाची विकत घेतलेली प्रत असली पाहिजे. नियम सद्भावनेचे आहेत, कायद्याची ढाल नाहीत. अमेरिकेत डिस्कचं डिजिटल कुलूप तोडण्याला १९९८ च्या कायद्यानं मनाई आहे, आणि मूळ कृतीवरून दुसरी कृती बनवण्याचा हक्क मालकाचा असतो.

‘प्रत विकत घेतली आहे’ हा युक्तिवाद न्यायालयात एकदा तपासलाही गेला आहे, फक्त वेगळ्या हेतूच्या कात्रीसाठी. क्लीनफ्लिक्स ही यूटामधली कंपनी चित्रपटांतली नग्नता, हिंसा आणि शिव्या कापून ‘कुटुंबासाठी’ प्रती पुरवायची. प्रत्येक कापलेल्या प्रतीमागे आम्ही एक मूळ प्रत विकत घेतो, असं तिचं म्हणणं होतं. कोलोरॅडोतल्या संघराज्य न्यायालयानं २००६ मध्ये ते फेटाळलं आणि धंदा बंद करायला लावला. खटल्याच्या नावातच समोरच्या बाजूला दिग्दर्शक स्टीव्हन सोडरबर्गचं नाव होतं. याच सोडरबर्गनं २०१४ मध्ये साडेतीन तासांच्या ‘हेवन्स गेट’ची १०८ मिनिटांची स्वतःची प्रत लोकांपुढे ठेवली. पुढच्या वर्षी त्यानं कुब्रिकच्या ‘२००१’लाही हात घातला. ती प्रत हक्कदारांच्या सांगण्यावरून त्याला काढून घ्यावी लागली.

भारतात याला आणखी एक बाजू आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम ५७ लेखकाला, हक्क विकल्यावरही, आपल्या कृतीचं विद्रूपीकरण रोखण्याचा अधिकार देतं. ‘आपका बंटी’ या कादंबरीवरून निघालेल्या ‘समय की धारा’ या चित्रपटाविरुद्ध मन्नू भंडारी न्यायालयात गेल्या, तेव्हा १९८६ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं हा अधिकार ठामपणे मान्य केला. म्हणजे चित्रपट मूळ लेखकाशी कसा वागला, हा प्रश्न कायद्यालाही परका नाही. फॅन एडिट करणारा स्वतःला नेमका तिथेच उभा करतो: चित्रपटानं लेखकावर केलेला अन्याय मी दूर करतोय. पण ‘मूळ’ म्हणून तो ज्याचा हवाला देतो ते पुस्तक तरी स्थिर होतं का?

टॉल्किनची कात्री

टॉल्किन स्वतः कसलेला संकलक होता. १९३७ च्या आवृत्तीत गॉलम कोड्यांच्या खेळात अंगठी पणाला लावतो, हरतो, अंगठी सापडत नाही म्हणून बिल्बोची माफी मागतो आणि त्याला बाहेरची वाट दाखवतो. पुढे ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ लिहिताना त्या अंगठीत जगाचा नाश करण्याची ताकद आली, तेव्हा असला सभ्य गॉलम चालेना. १९५१ च्या आवृत्तीत टॉल्किननं ते पाचवं प्रकरण बदललं. गॉलम बिल्बोला चोर म्हणून शाप देऊ लागला. जुनं कथन खोटं ठरवण्याचीही त्यानं चतुर सोय केली: ते बिल्बोनंच आपली बाजू सावरायला सांगितलं होतं.

१९५८ मध्ये ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या एका नियोजित चित्रपटाचा आराखडा त्याच्याकडे आला. त्यावर त्यानं पानंच्या पानं टिपणं लिहिली. गरुडांचा अतिवापर आणि उगाच घुसडलेल्या मारामाऱ्या यांवर तो चिडला. मात्र कापण्याला त्याचा विरोध नव्हता. चालत्या झाडांसारख्या एन्टांची कथा आणि हेल्म्स डीपची लढाई या दोन्हींना पुरेशी जागा नसेल, तर लढाई गाळा, असं त्यानंच सुचवलं. जॅक्सननं २००२ मध्ये त्याच लढाईला दुसऱ्या चित्रपटाचा कळस केलं आणि जगानं ती डोक्यावर घेतली.

१९६० मध्ये तर त्यानं ‘हॉबिट’ पुन्हा लिहायला घेतला. सूर मोठ्यांच्या कादंबरीचा, अंतरं, दिवस, चंद्राच्या कला सगळं ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’शी जुळवून. काही प्रकरणं झाल्यावर त्यानं ते सोडून दिलं. चांगलं आहे, पण हा ‘हॉबिट’ नव्हे, असा अभिप्राय त्याला मिळाला होता. अर्धशतकानंतर जॅक्सन त्याच मोहात पडला: लहान गोष्टीला मोठ्या गोष्टीच्या मापाचं करायचं. टॉल्किनला कुणीतरी वेळेवर थांबवलं, जॅक्सनला थांबवणारे तिकीट काढून आत बसले होते. त्यांची हरकत चित्रपट संपल्यावर आली, कात्रीच्या रूपानं.

म्हणून या प्रतींकडे ‘खरा हॉबिट’ म्हणून पाहण्यात अर्थ नाही. तो त्यांना काढता येणारच नव्हता. प्रत्येक प्रत हे एका वाचकानं केलेलं वाचन आहे. चार-पाच प्रती शेजारी ठेवल्या की त्यांच्यातले मतभेद दिसतात आणि त्याहून महत्त्वाचं, त्यांचं एकमत दिसतं. ज्या भागाला बहुतेकांनी हात लावला नाही, तो आहे गुहेतल्या कोड्यांचा खेळ. चित्रीकरणाच्या सुरुवातीलाच जॅक्सननं तो घेतला, गॉलमचं काम करणारा अँडी सर्किस आणि मार्टिन फ्रीमन यांना पूर्ण प्रसंग नाटकासारखा सलग करायला लावून. त्यात ना सेना, ना पाठलाग, ना कुठल्या पुढच्या भागाची पेरणी. टॉल्किननं पुस्तकातलं जे प्रकरण स्वतः मोडून पुन्हा बांधलं, ते नेमकं हेच. लेखकानं आधीच तासून ठेवलेल्या त्या जागी चाहत्यांना कापण्यासारखं काही सापडलं नाही.